मोठं अक्षर, छोटं अक्षर



आपल्या बाराखडीत लहानमोठं असं काही नाही. 'क' वाक्याच्या सुरुवातीला आला, मधे आला, कोल्हापुरात आला की कोथिंबिरीत आला, तो तेवढाच. म्हणून मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या पिढीला इंग्रजीतली ही कॅपिटल आणि स्मॉलची भानगड कधी नीट पचलीच नाही. पाचवीत चार रेघी वही आली. मोठी अक्षरं वरच्या रेघेला टेकवायची, छोटी मधल्या दोन रेघांत बसवायची, कुणाचं शेपूट खाली, कुणाची काठी वर, हे सगळं बाईंनी गिरवून घेतलं. पण कोणतं अक्षर कधी काढायचं? "वाक्याच्या सुरुवातीला आणि नावाला," एवढ्या एका ओळीत ते आटोपलं. ओळ खरी आहे. पण नाव कशाला म्हणायचं, खरी गोम तिथेच आहे.

दर गुरुवारी दुपारी स्वाध्याय झाला की आम्ही पाचजणी अर्धा तास इंग्रजी घेऊन बसतो. मी १९८१ची बी.कॉम., म्हणून मास्तरीण मी. सगळ्यांची अडचण एकच. नातवंडं मराठी बोलतात, निदान समजतात तरी, पण वाचता येत नाही. त्यांना दोन ओळी लिहायच्या तर इंग्रजीतच लिहाव्या लागतात.

आमच्यातल्या एका काकूंची नात अमेरिकेत असते. वय वर्षं नऊ. तिच्या वाढदिवसाला काकूंनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत पत्र लिहिलं आणि पोस्टानं पाठवलं. सबंध पत्र मोठ्या अक्षरांत. पत्र पोचल्यावर नातीचा फोन आला आणि तिचा पहिला प्रश्न, "आजी, तू माझ्यावर रागावलीस का?"

काकूंना काही कळेना. मग सुनेनं समजावलं, की तिकडच्या मुलांच्या लेखी सगळी अक्षरं मोठी म्हणजे ओरडून बोलणं. मोबाइलवर, ईमेलवर हीच रीत पडली आहे. आता काकूंच्या बाजूनं पाहा. जन्मभर त्यांनी हातानं इंग्रजी लिहिलं ते कुठं? बँकेच्या फॉर्मवर, गॅसच्या फॉर्मवर, पासपोर्टच्या फॉर्मवर. तिथं वर छापलेलंच असतं, 'ब्लॉक लेटर्समध्ये भरा'. एका चौकोनात एक अक्षर, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. पॅनचा नंबर घ्या, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर, सगळी अक्षरं कॅपिटल. आपल्या बायकांचं इंग्रजी फॉर्मवरच घडलं, त्यामुळे लाडानं लिहिलेल्या पत्रालाही फॉर्मचाच आवाज आला.

तेव्हापासून आम्ही हा विषय पहिल्यापासून घेतला. त्यातलं जे आपल्या उपयोगाचं आहे, ते इथं सांगते.

वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, हे सोपं आहे, आणि मोबाइल ते आपोआप करतोही. फुलस्टॉप टाकून जागा सोडली की पुढचं अक्षर मोठंच उमटतं. स्वल्पविरामानंतर मात्र छोटंच. पत्राच्या शेवटी 'युअर्स फेथफुली' लिहिताना फक्त पहिला 'वाय' मोठा, फेथफुलीचा 'एफ' छोटा. कॉलेजात व्यापारी पत्रव्यवहार शिकवताना सरांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं, की आजही कुणाचं पत्र आलं तर माझी नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते. वाईट खोड आहे, पण आहे.

आता नावाचं. नियम असा, की जगातल्या त्या एकाच व्यक्तीचं, जागेचं, वस्तूचं नाव असेल तर मोठं अक्षर, आणि त्या जातीतल्या कुणालाही लागू पडणारा शब्द असेल तर छोटं. नदी छोटी, कृष्णा मोठी. नदी कृष्णेच्या नावाला जोडून आली तर तीही मोठी, पण "आम्ही नदीवर गेलो" म्हटलं की पुन्हा छोटी. मंदिर छोटं, पण मंदिराचं पूर्ण नाव लिहिलं तर त्यातलं 'मंदिर'सुद्धा मोठं. आचार्य शांतिसागर लिहिताना आचार्यचा 'ए' मोठा, आणि "गावात एक आचार्य आले आहेत" यातला छोटा.

स्वयंपाकघरात बसून हे फार छान कळतं. हळद छोटी, पण सांगलीची हळद म्हटलं की 'एस' मोठा आणि हळदीचा 'टी' छोटा. पुरणपोळी छोटी, बासुंदी छोटी, म्हैसूरपाकातला 'एम' मात्र मोठा, कारण तिथं गाव बसलं आहे. सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल, तसंच. प्रेशर कुकर छोटा, त्यावरचं हॉकिन्स मोठं. आमच्यातल्या एका वहिनींनी घरी जाऊन फडताळातल्या सगळ्या डब्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावल्या आणि पुढच्या गुरुवारी फोटो दाखवला. एकही चूक नव्हती. तूरडाळ छोट्या 'टी'नं होती आणि दार्जिलिंग चहा मोठ्या 'डी'नं.

काही ठिकाणी मात्र डोकं चालवून उपयोग नाही, पाठच करावं लागतं. वार आणि महिने मोठे, सोमवारपासून रविवारपर्यंत आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत. पण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा छोटे. असं का, याला माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. फ्रेंचमध्ये तर वार आणि महिनेही छोट्याच अक्षरानं लिहितात, आणि जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं, मग ते भांडं असो की खुर्ची. म्हणजे हे काही आकाशातून पडलेलं नाही, ज्या त्या भाषेनं ठरवलेली रीत आहे. जुन्या रोमन शिलालेखांत तर सगळी मोठीच अक्षरं कोरलेली आहेत. छोटी अक्षरं पुढं हातानं भरभर लिहिताना घडत गेली. छापखाने आल्यावर जुळारी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत ठेवत आणि छोट्यांचे खालच्या. म्हणून अजूनही अपर केस आणि लोअर केस म्हणतात. केस म्हणजे ती पेटी.

सणांची नावं मोठी, दिवाळी, महावीर जयंती, दशलक्षण पर्व. जयंती आणि पर्व हेही त्या नावाचाच भाग, म्हणून तेही मोठे. भाषा मोठ्या, मराठी, कन्नड, इंग्रजी. धर्मांची नावं मोठी, म्हणून जैनचा 'जे' कुठंही आला तरी मोठाच. पण अहिंसा छोटी. तत्त्व केवढंही मोठं असो, ते कुणा एकाचं नाव नाही.

'आय' म्हणजे 'मी', हा वाक्यात कुठंही आला तरी मोठा. हे सांगितल्यावर एक ताई म्हणाल्या, "हा तर सरळ सरळ मान कषाय झाला की!" सगळ्या हसलो. पण खरं कारण साधं आहे. पूर्वी हातानं लिहिताना तो एकटा छोटा आय नुसत्या काडीसारखा दिसे आणि ओळीत हरवून जाई. डोळ्यांना सापडावा म्हणून त्याला उंच केलं. जर्मनमध्ये उलट आहे, तिथं 'मी' छोटा आणि आदरानं म्हटलेलं 'आपण' मोठं. ताईंना जर्मन एकदम आवडून गेलं.

आणि नाती. आपल्या घरात अर्धी माणसं नावानं नाही, नात्यानंच ओळखली जातात, त्यामुळे हे नीट समजून घ्यायला हवं. 'माझी', 'तुझी', 'त्याची' असं काही आधी लागलं तर नातं छोटं. "माझी आई सांगलीला असते" यातली आई छोट्या अक्षरानं. पण "आई, जेवायला ये" यात आई हे हाक मारायचं नावच झालं, म्हणून मोठं. सुधामावशी लिहिताना मावशी मोठी, आणि "माझी एक मावशी" यातली छोटी. माणूस तेच, फक्त तो शब्द नाव म्हणून आलाय की नुसतं नातं सांगायला, एवढाच फरक.

इथपर्यंत सगळ्यांना पटलं होतं. अडलं ते काकूंच्या दुसऱ्या पत्रापाशी.

नातीला रात्री झोपताना णमोकार मंत्र म्हणायची सवय आहे, पण अर्थ माहीत नाही. काकूंना तो साध्या इंग्रजीत लिहून द्यायचा होता. पहिलाच शब्द आला अरिहंत. मी नियमानं सांगितलं, छोटा 'ए'. कारण या मंत्राचं वैशिष्ट्यच हे, की त्यात एकाही तीर्थंकराचं, एकाही व्यक्तीचं नाव नाही. जो त्या पदाला पोचला त्या प्रत्येकाला नमस्कार आहे. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू ही पाचही पदं, नावं नव्हेत. व्याकरणाच्या हिशेबात ही नदीसारखी, कृष्णेसारखी नव्हेत.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी लिहीत आणलेला कागद माझ्यापुढे सरकवला. खाली शेवटी सही होती, 'आजी'. मीच आठवडाभर आधी शिकवल्याप्रमाणे मोठ्या 'ए'नं.

"म्हणजे अरिहंत छोट्या अक्षरात आणि मी मोठ्या?" त्या म्हणाल्या. "हा अविनय माझ्या हातून व्हायचा नाही."

नियम माझ्या बाजूनं होता, पण मला पुढं रेटवेना. मराठीत आपल्याला आदर ठेवायला किती जागा आहेत! महाराज आला म्हणत नाही, आले म्हणतो. तू नाही, आपण. नावापुढे जी, मागे श्री, आणि क्रियापद सगळ्या वाक्याला हात जोडायला लावतं. इंग्रजीत चोर आला तरी 'केम' आणि मुनिराज आले तरी 'केम'च. आदर ठेवायला जागा शोधत शोधत आपण शेवटी त्या एका अक्षरापाशी येतो, आणि तेच छोटं करा म्हटलं की जीव दुखावतो. काकूंचा हट्ट अडाणीपणाचा अजिबात नव्हता. इंग्रजांनीही हे केलंच आहे, देवासाठी येणारा 'ही' पुष्कळ धार्मिक पुस्तकांत वाक्याच्या मधेसुद्धा मोठ्या 'एच'नं छापतात. आपल्या धर्माच्या इंग्रजी पुस्तकांतही दोन्ही प्रकार दिसतात, कुणी अरिहंत मोठं छापतं, कुणी छोटं.

मग आम्ही असं ठरवलं. आदरासाठी मोठं अक्षर वापरायचं तर खुशाल वापरा, पण मग शेवटपर्यंत तसंच ठेवा. एका ओळीत मोठं, दुसरीत छोटं, असं नको, वाचणाऱ्या लेकराचा गोंधळ होतो. आणि आदर म्हणून उठून अहिंसा, क्षमा, संयम, मंदिर, प्रसाद सगळंच मोठं करत सुटायचं नाही. तसं केलं तर पुन्हा फॉर्मच व्हायचा. काकूंनी पाच पदं निवडली, ती पाच मोठी, बाकी सगळं नियमानं.

एक वहिनी म्हणाल्या, "नातीनं शाळेत दाखवलं आणि बाईंनी लाल शाई मारली तर?" काकूंनी त्याचं उत्तर पत्रातच घातलं. ताज्या कलमात त्यांनी नातीला लिहिलं, की ही पाच कुणा एकाची नावं नाहीत, मनानं तितकं स्वच्छ झालेलं कुणीही तिथं पोचू शकतं, मी मोठी अक्षरं मान म्हणून घातली आहेत, तुझ्या बाईंनी विचारलं तर असं सांग. इंग्रजी वाक्यं मी तपासली. एका ठिकाणी 'द' राहिला होता, तेवढाच घातला.

पत्र दोन पानांचं झालं. चार रेघी वही आणून त्यातल्या कागदावर त्यांनी ते पक्कं केलं, मोठी अक्षरं वरच्या रेघेला टेकवून, छोटी मधे बसवून. सही करताना त्या परत थांबल्या, मोठा 'ए' काढू की छोटा, असं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काकू, नातीसाठी ते तुमचं नावच आहे. तेव्हा त्यांनी मोठा काढला, पण अरिहंताच्या 'ए'पेक्षा जरासा ठेंगणाच.

पुढच्या गुरुवारी स्वल्पविराम घेणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी चार रेघी वही आणि पेन्सिल आणावी, पेन नको.