हातभर अंतरावर

आईच्या नाकात डावीकडे चमकी आहे आणि हनुवटीवर गोंदणाचा हिरवट ठिपका. ती सहा वर्षांची असताना तिच्या आजीने तो जत्रेत गोंदवून घेतला होता. पासपोर्टच्या अर्जात ओळखीची खूण विचारली, तेव्हा आम्ही तोच लिहिला.

गेल्या संक्रांतीला, अडुसष्टाव्या वर्षी, आईने पहिल्यांदा सेल्फी काढला. हळदीकुंकू आटोपलं होतं, बायका गेल्या होत्या. अंगावर अजून काळी साडी होती, केसांत गजरा होता. दिवाळीत घेतलेला नवा फोन पुढे करत तिने विचारलं, "तुम्ही काढता तसा कसा काढायचा गं?" मी कॅमेरा फिरवून फोन तिच्या हातात दिला. हात लांब केला की अंगठा बटणापर्यंत पोचेना, अंगठा पोचला की कपाळ चौकटीबाहेर जाई. पाच-सहा वेळा असं झालं. मग खट्ट आवाज आला. तिने फोन जवळ घेतला आणि म्हणाली, "अगं, चमकी उजवीकडे कशी गेली? पदर पण!"

फोटो काढताना पडद्यावर आपण आरशात दिसतो तसे दिसतो, पण पुष्कळ फोन फोटो साठवताना तो सरळ करतात, म्हणजे समोरच्या माणसाला आपण दिसतो तसा. 1977 साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना त्यांचाच फोटो सरळ आणि आरशासारखा उलटा, असा दोन्ही प्रकारे दाखवला. बहुतेकींना स्वतःचं आरशातलं रूप आवडलं आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटो. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला आपलं वाटतं. आईला मी जन्मापासून पाहते आहे, पण तिच्या मनातली आई, डाव्या हाताला चमकी दिसणारी, मी कधी पाहिलेलीच नाही. त्या दुपारी हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि मी जरा गप्प झाले.

आजीकडे फणेरपेटी होती. झाकणाच्या आत आरसा, खाली कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी. आधी कपाळावर मेण, त्यावर कुंकू, की पेटी बंद. सासुरवाशीण त्याहून जास्त वेळ आरशापुढे बसली तर आतून कुणीतरी हाक मारायचंच. बाईने स्वतःकडे किती वेळ बघायचं, हे घर ठरवत असे.

फोटोचंही तसंच. आईचा पहिला फोटो स्थळासाठी काढला गेला. स्टुडिओतल्या फोटोग्राफरने मान वर करायला लावली, साडी सारखी करायला सांगितली. त्या काळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रीटचिंग करत. तिथे घासलेलं शिसं छापील फोटोत उजळ उमटायचं, आणि चेहऱ्यावरचे डाग जायचे. आईचा रंग उजळला आणि हनुवटीवरचं गोंदण गेलं. चार प्रती निघाल्या, चार घरी गेल्या. तीन परत आल्या. चौथी आमच्या अल्बममध्ये आहे. तो फोटो कसा असावा, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून सेल्फीला सरसकट मिरवणं म्हणतात ते मला पटत नाही. 1839 मध्ये फिलाडेल्फियात दिव्यांचा व्यवसाय असलेल्या घरातल्या रॉबर्ट कॉर्नेलियसने भिंगावरचं झाकण काढलं आणि पुढे येऊन तो स्वतःच कॅमेऱ्यासमोर स्थिर बसला. केस विस्कटलेले, चेहरा चौकटीच्या थोडा बाजूला. आपण चौकटीत कुठे आहोत हे त्याला दिसत नव्हतं. आपल्याकडे जयपूरच्या सवाई रामसिंह महाराजांनी स्वतःची छायाचित्रं काढली, पण तेव्हा त्यासाठी राजा असावं लागे. 2013 साली ऑक्सफर्डने 'सेल्फी' हा वर्षाचा शब्द ठरवला, तोवर ही गोष्ट कुणाच्याही हातात आली होती. त्यात जीवही गेले. 2016 मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना एक मुलगी समुद्रात पडून गेली, तिला वाचवायला पाण्यात उतरलेला माणूसही परतला नाही, आणि मुंबई पोलिसांनी शहरातल्या 16 जागी सेल्फीला मनाई केली. ती मनाई योग्यच होती. पण त्यामुळे स्वतःचा चेहरा स्वतः टिपण्याची हौस खोटी ठरत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या दुपारी आई दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत होती. बघता बघता तिचा हात हनुवटीकडे गेला. "गोंदण कुठाय?" फोटोत गोंदण नव्हतं. गालावरच्या सुरकुत्या नव्हत्या, रंग दोन छटा उजळला होता. फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करायची सोय आधीच चालू करून ठेवलेली होती, कुणी न विचारता. आई म्हणाली, "त्या स्टुडिओवाल्यानं केलं होतं, तसंच केलंय बघ यानं." पन्नास वर्षांत पेन्सिल गेली होती, हात तोच राहिला होता. सावळ्या विठ्ठलापुढे डोकं टेकवणाऱ्यांच्या घरातही सावळी मुलगी आपला फोटो उजळवूनच पाठवते, याचं मला फार वाईट वाटतं. दिवसातून दहा वेळा असा पुसलेला चेहरा पाहिल्यावर तिला सकाळच्या आरशातला स्वतःचा चेहरा कसा आवडावा?

मी सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली. आईने खिडकीजवळ जाऊन पुन्हा हात लांब केला. उन्हाची तिरीप चेहऱ्यावर होती. या वेळी सगळं आलं: डोळ्यांखालची काळी वर्तुळं, चमकीचा बारीक चकाकणारा खडा, ठिपका. वर डावीकडे कपाळाचा कोपरा थोडा कापला गेला होता. "परत काढू या का?" मी विचारलं. ती नको म्हणाली.

आईच्या डीपीवर आधी पाच वर्षं पंढरपूरचा विठोबा होता, मग नातू होता. संक्रांतीपासून तिथे ती स्वतः आहे.