बुटावरची नक्षी

आपल्या घरांत चपला-बुटांची जागा ठरलेली असते, दाराबाहेर. मशिदीत जाताना ते काढून ठेवायचे, पाहुणे आले की बाजूला सारायचे, आणि कुणावर राग निघाला की तोंडात पहिलं नाव चपलेचंच येतं. अशा वस्तूवर कुणी आठवडाभर मान मोडून नक्षी काढतो आणि लोक ती भारी किंमत देऊन घेतात, हे ऐकलं की घरातली मोठी माणसं हसतात. पण आपल्या मुलांच्या जगात ही कला आता चांगलीच रुजली आहे. म्हणून तिच्याविषयी थोडं नीट बोलायला हवं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या दहावीतल्या एका मुलाने ईदीच्या पैशांतून रंग आणले आणि बहिणीच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर निळी-हिरवी वेल काढली. शाळेच्या हस्तकला प्रदर्शनात तो जोड ठेवला तेव्हा मुलींची गर्दी हटेना. पालकसभेला त्याचे अब्बा आले. म्हणाले, “मॅडम, माझ्या वालिदांनी उभी हयात बाजारात बसून चपला शिवल्या. पोरांनी शिकावं म्हणून मी ते काम सोडून नोकरी धरली. आणि हा पुन्हा बुटांकडेच वळला!” त्यांच्या आवाजात रागापेक्षा लाज जास्त होती. ती लाज मला टोचली, कारण ती त्या एकट्यांची नाही, आपल्या सगळ्या समाजाची आहे. हाताने काम करणारा खालचा आणि खुर्चीवर बसणारा वरचा, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे.

मी त्यांना बसवून घेतलं आणि मला ठाऊक होतं ते सांगितलं.

अमेरिकेत बूट रंगवणं हा आज एक पेशा आहे. १९८२ साली नायकी कंपनीने ‘एअर फोर्स वन’ नावाचा बूट काढला. तो बास्केटबॉलसाठी होता. पुढे त्याचा पांढराशुभ्र कातडी जोड रंगवणाऱ्यांना कोऱ्या कागदासारखा वाटू लागला. मात्र कातड्यावर रंग टिकवणं सोपं नाही. कारखान्यातून बूट येतो तेव्हा त्यावर एक चकाकीचा थर असतो. तो अ‍ॅसिटोनने पुसून काढावा लागतो, नाहीतर रंग धरतच नाही. मग जिथे रंग नको तिथे चिकटपट्टी लावायची. रंगही साधा चालत नाही. पाऊल वाकलं की बूट वाकतो, म्हणून रंगही त्याच्याबरोबर वाकणारा हवा. लॉस एंजेलिसची अँजेलस ही कंपनी १९०७ पासून बुटांच्या पॉलिशच्या धंद्यात आहे. तिचे कातड्याचे रंग हे कारागीर आवर्जून वापरतात. रंगाचा एकच जाड थर दिला तर बोटांजवळच्या घडीवर तो तडकतो. म्हणून पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, असं चार-पाच वेळा करायचं आणि शेवटी वरून संरक्षक लेप. घाई केलेलं काम चार दिवसांत सोलून निघतं. सबुरी शिकवायला याहून चांगला धडा मला क्रमिक पुस्तकात सापडलेला नाही.

तिकडचा डॉमिनिक सियाम्ब्रोन हा कारागीर ‘शू सर्जन’, म्हणजे बुटांचा सर्जन, या नावाने ओळखला जातो. शाळेत असताना त्याने एका पांढऱ्या जोडावर रंग मारून सुरुवात केली. पण नुसत्या रंगाने त्याचं समाधान झालं नाही. बूट उसवणं, कातडं कापणं, नव्याने शिवणं हे सगळं तो शिकला आणि आता इतरांनाही शिकवतो. मुलाच्या अब्बांना मी म्हटलं, “तो माणूस जे शिकायला निघाला, ते तुमच्या वालिदांच्या हातात आधीच होतं. त्याला तिथे कलाकार म्हणतात आणि आपल्याकडे आपण नाव विचारायचीसुद्धा तसदी घेत नाही.” ते बराच वेळ गप्प बसले. पुढे कळलं, मुलगा सुट्टीच्या दिवशी दादांजवळ बसून आरी आणि रापी कशी धरायची ते विचारतो. दादांचे हात आता थरथरतात, पण तळवा कुठून उसवायचा ते त्यांना न बघता कळतं.

प्रेषित (सल्ल.) घरात आपले जोडे स्वतः सांधत, आपले कपडे स्वतः शिवत, असं हज. आयेशा (रजि.) यांनी सांगितलेलं आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ज्या कामात त्यांना कमीपणा वाटला नाही, त्याची लाज आपल्याला का वाटावी?

आता दुसरा प्रश्न, आणि तो पहिल्याइतकाच मोठा आहे. बुटावर काय काढायचं?

१९९७ साली याच नायकी कंपनीने काही बुटांवर ‘एअर’ हा शब्द ज्वाळांच्या आकारात छापला. तो अरबीतल्या ‘अल्लाह’ या शब्दासारखा दिसत होता. अमेरिकेतल्या मुस्लिमांनी संघटनेमार्फत सभ्यपणे, पण ठामपणे आपलं म्हणणं मांडलं. कंपनीने माफी मागितली, सुमारे ३८ हजार जोड परत मागवले आणि तिथल्या एका इस्लामी शाळेला खेळाचं मैदान करून द्यायचं कबूल केलं. एका अक्षराच्या वळणाने एवढं घडलं. मुलं फॅशन म्हणून कुठलीही सुंदर अरबी लिपी बुटावर उतरवतात, त्यांना हा किस्सा जरूर सांगावा. जे भिंतीवर शोभतं ते पायात शोभेलच असं नाही. कुराणातले शब्द, अल्लाहची नावं, इतकंच काय, दुसऱ्या धर्माची पवित्र चिन्हंही पायात येता कामा नयेत. हा अदब दोन्हीकडून पाळायचा असतो.

पण बुटावर लिहिलेलं प्रत्येक अक्षर बेअदबी करत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पर्थला ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान यांच्यात कसोटी सामना होता. ऑस्ट्रेलियाकडून कसोटी खेळलेला पहिला मुस्लिम खेळाडू उस्मान ख्वाजा सरावाला आला तेव्हा त्याच्या बुटांवर हाताने लिहिलेलं होतं की सगळ्यांचे जीव सारखे आहेत आणि स्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे. गाझात मुलं मरत होती, ते दिवस. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ते बूट सामन्यात घालायला मनाई केली. त्याने अक्षरांवर पट्टी चिकटवली आणि दंडाला काळी फीत बांधून तो खेळला. त्याबद्दलही त्याला समज मिळाली. पुढच्या मेलबर्न कसोटीत ऑलिव्हची फांदी घेतलेल्या कबुतराचं चित्र लावायलाही परवानगी मिळाली नाही, तेव्हा तो बुटांवर आपल्या दोन मुलींची नावं लिहून मैदानात उतरला. त्याच्या बुटांवर ना भारी रंग होते ना नामवंत चित्रकाराचा हात. तरी जगाने ते वाचले, कारण लिहिणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते पक्कं ठाऊक होतं.

आपलं मूल उद्या बूट रंगवायला बसलं तर त्याला हाकलू नका. अभ्यासाची वेळ ठरवून द्या आणि सुट्टीची त्याची त्याला द्या. सजीवांच्या चित्रांबद्दल तुमच्या घरात आक्षेप असेल, तर वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षीचा खजिना आपल्याच परंपरेत पडला आहे. विजापूरच्या इब्राहीम रोज्याच्या भिंती एकदा दाखवून आणा. जुना जोड उसवून नवं कातडं लावायचं असेल, तर ते कशाचं आहे ते विचारून घ्या. बाजारातल्या बुटांत डुकराचं कातडंही वापरलेलं असतं. आणि पैसे घेऊन काम करायचं झालं, तर ब्रँडच्या खुणेची नक्कल करून विकू नये हे आधीच बजावा. २०२४ मध्ये नायकीने त्याच ‘शू सर्जन’वर आपल्या खुणा विनापरवाना वापरल्याचा दावा लावला होता. कष्टाचं रिज्क हलाल राहील याची काळजी पहिल्या जोडापासूनच घ्यायला हवी.

मूल बूट घेऊन बसलं की आधी त्याला विचारा, तू यावर काय लिहिणार आहेस? विचार करून उत्तर आलं, तर रंग आणून द्यायला हरकत नाही.