दोन फेऱ्यांत एक ठोका



गळा थकला म्हणून सहा वर्षांपूर्वी मी उभे राहून कीर्तन करणे सोडले. आता किल्लारीच्या शिवारातल्या आमच्या वावरात बसतो, सकाळी काकडा, संध्याकाळी हरिपाठ, आणि मधल्या वेळात नातवाला शेतात जमेल ती मदत. आज तुमच्यापुढे निरूपणाला ओवी घेतलेली नाही, अभंगही नाही. आज विहिरीवरचे एक इंजिन घेतले आहे. हसू नका. या इंजिनाने मला बत्तीस वर्षांपूर्वीची एक चूक पदरात घ्यायला लावली.

आमच्या विहिरीवर विजेची मोटार आहे, पण वीज कधी रात्री येते, कधी येतच नाही. म्हणून पाच हॉर्सपॉवरचे जुने ऑइल इंजिन अजून ठेवले आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याचे हेड गॅस्केट गेले. मिस्त्री चार दिवस येईना, ऊस वाळू लागला. नातू म्हणाला, "आबा, आपणच उघडू." औशाहून गॅस्केट आणले, हेड उतरवले, काजळी खरवडली, नवे गॅस्केट घालून हेड बसवले. झडपांच्या टॅपेटची फट फिलर गेजने नातवाने लावली आणि लॉक नट आवळण्याचे काम माझ्याकडे दिले. तेवढ्यात हरिपाठाची वेळ झाली. नातवाने विचारले, "आबा, नट नीट आवळलाव का?" मी म्हणालो, "आवळलाय रे, चल."

दोन दिवस इंजिन सुरेख चालले. तिसऱ्या दिवशी आवाजात एक बारीक टकटक मिसळू लागली.

नातू म्हणाला, "आबा, पाणी निघायलंय की. चालू द्या." त्याचे खरे होते, पाणी निघत होते. पण माउली, पन्नास वर्षे मृदंगाच्या शेजारी उभा राहिलेला माणूस आहे मी. दिंडीत चाळीस टाळ वाजत असताना एक टाळ चुकला तर तो कानाला कुसळासारखा टोचतो. अशा वेळी जाणता विणेकरी एकदम कोणावर डोळे वटारत नाही. चुकलेला ठोका ठेक्यात कुठे पडतो, समेवर की मध्येच, ते आधी ऐकतो आणि मग तो हात कोणाचा ते शोधतो. मी तोच मार्ग धरला.

पहिल्यांदा इंजिन बंद करून तेल पाहिले. पुरते होते. पायाचे बोल्ट, पट्ट्यावरची जाळी, धुराड्याचा पाइप हलवून पाहिले, सैल काही नव्हते. धुराड्याच्या जोडातून वाफारा गळत असेल तरी असाच टकटक आवाज येतो, पण तिथे काजळीचा डाग नव्हता. मग इंजिन चालू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. खाली, क्रँकच्या बाजूला, आवाज दबका. वर हेडकडे जावे तसा स्पष्ट.

मग फ्लायव्हीलवर खडूने एक जाड रेघ ओढली आणि नातवाला डिझेल तोडायला सांगितले. स्फोट थांबले, चाक मंदावत गेले, पण टकटक थांबली नाही. म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलचा किंवा स्फोटाचा हा आवाज नव्हे. शेवटच्या फेऱ्यांत रेघ डोळ्यांनी मोजता येऊ लागली. रेघ वर आली, ठोका. पुन्हा वर आली, ठोका नाही. तिसऱ्यांदा आली, ठोका. दोन फेऱ्यांत एक.

नातवाला सांगितले ते तुम्हालाही सांगतो. अशा इंजिनाचे चार टप्पे असतात: हवा आत ओढणे, दाबणे, स्फोटाचा जोर घेणे आणि धूर बाहेर टाकणे. चारांत चाक दोन फेऱ्या घेते. तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडते. क्रँकच्या बेअरिंगचा दोष असता तर ठोका बहुधा दर फेरीला पडला असता. दोन फेऱ्यांत एकदा पडणारा आणि डिझेल तोडल्यावरही टिकणारा ठोका झडपांकडेच बोट दाखवतो.

वरचे झाकण काढले. धूर टाकणाऱ्या झडपेच्या रॉकरला बोट लावले तर तो खुळखुळला. लॉक नट पुरता आवळलेला नव्हता. हादऱ्याने स्क्रू मागे सरकत गेला होता, फट वाढली होती, आणि रॉकर दर खेपेला झडपेच्या टोकावर हातोडीसारखा पडत होता. तसेच चालू ठेवले असते तर झडपेचे टोक ठेचले असते किंवा पुश रॉड जागचा निसटला असता.

नट कोणाचा होता? माझा. मी न पाहता "आवळलाय" म्हणालो होतो.

माउली, तिथेच मी ओट्यावर बसलो. कारण हा शब्द मी पूर्वीही असाच उच्चारला होता.

१९९२ साली आमच्या भागात जमीन हादरू लागली. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर चांगलेच धक्के बसले. जमिनीतून गडगड आवाज यायचा, भांडी वाजायची. माणसे अंथरुणे घेऊन अंगणात झोपू लागली. पुढे सवय झाली. त्या काळात एका कीर्तनात मी भरल्या सभेला सांगितले होते, "भिऊ नका. नाम घ्या आणि आपापल्या घरात स्वस्थ झोपा." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या थोरल्या बंधूंनीही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जनाची रात्र. मी मिरवणुकीतल्या मंडळींबरोबर उघड्यावर होतो म्हणून वाचलो. बंधू आणि वहिनी घरात होते. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली.

भूकंप केव्हा होणार हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हते, आजही सांगता येत नाही. तो दोष मी स्वतःवर घेत नाही. पण माणसे मेली ती घराखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून आम्ही माळवदावर मातीचा नवा थर टाकायचो, जुना तसाच राहायचा. वर्षानुवर्षे ओझे वाढत गेले. बंधूंनी आणि मी त्या मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या आहेत. घरची दुरुस्ती, घरच्याच हातांनी केलेली. जमीन वर्षभर ठोके देत होती, आणि आमच्यातल्या कोणी वर चढून छताचे ओझे पाहिले नाही. मी तर "झोपा" म्हणून मोकळा झालो.

नामाने भीती जाते, हे मी आजही सांगेन. पण भीती गेल्यावर डोके शांत होते ते झोपण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. त्या दिवशी मी नाम सांगितले आणि पाहणे सांगायचे राहिले. बत्तीस वर्षे मी त्याला देवाची इच्छा म्हणत आलो. तसे म्हणताना माझा स्वतःचा नट सैलच होता.

नातू जवळ येऊन बसला. मी त्याला म्हणालो, "नट माझा होता रे. मी न बघताच सांगितलं." तो काही बोलला नाही. फिलर गेज पुसून त्याने माझ्या हातात दिले. आधी हेडचे नट पुन्हा आवळून घेतले, कारण नवे गॅस्केट बसले की ते थोडे सैल पडतात. मग झडपा बंद असतानाच्या स्थितीत चाक आणले, फट पुन्हा लावली. एका हाताने स्क्रू धरून दुसऱ्या हाताने लॉक नट आवळला, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा गेज सरकवून पाहिले. हँडल मारले. टकटक गेली होती.

नव्या किल्लारीतल्या आमच्या घरावर आता माळवद नाही. तरी त्या संध्याकाळी हरिपाठाआधी मी नातवाला शिडी धरायला लावली आणि वर चढून स्लॅब पाहून आलो. पाण्याच्या टाकीशेजारी जुन्या विटांचा ढीग पडला होता. उपयोगी पडतील म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तो ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तो खाली उतरवला.

तुमच्याही घरात असे काही टकटकत असेल तर तेवढे पाहून या, माउली. हरिपाठ तोवर थांबेल.

रामकृष्णहरी.