वेळेवर, वेळेत, वेळेला

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला लांबलचक शब्दांचे भय नसते. ते शब्दकोशात सापडतात. त्याची त्रेधा उडते ती ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ या चिमुकल्या शब्दांपुढे. ‘ॲट द एंड’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या टोकाशी, आणि ‘इन द एंड’ म्हणजे सगळे होऊन गेल्यावर, सरतेशेवटी. आपण मात्र दोन्हीकडे ‘शेवटी’ म्हणून मोकळे होतो!

मी मराठीचा प्राध्यापक. पण कामशेतसारख्या गावात प्राध्यापक म्हटला की त्याला सगळेच यायला हवे. त्यामुळे ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ यांतला फरक विचारायलाही मुले माझ्याकडेच येतात. मी म्हणतो, अरे, हा फरक तर आपल्या घरातच आहे. पुण्याची लोकल वेळेवर येते, म्हणजे घड्याळाच्या ठोक्याला. परीक्षेचा अर्ज वेळेत पोचतो, म्हणजे मुदत संपण्यापूर्वी. इंग्रजीत हे शब्द भालदारासारखे नामाच्या पुढे चालतात. मराठीत ते नामाच्या पाठीला बिलगतात आणि त्याला थोडे वाकवतातही. ‘वेळ’चे ‘वेळे’ होते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. पण ते न वाचलेली आजीसुद्धा यात कधी चुकत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका मुलाला मी दोन्हींची उदाहरणे लिहायला सांगितली. त्याचे वडील नुकतेच गेले होते. त्याने लिहिले : गाडी ‘ऑन टाइम’ होती; आम्ही ‘इन टाइम’ नव्हतो. पुण्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत सारे आटोपले होते. वाक्य निर्दोष होते. पण बरोबरची खूण करायला माझा हात उचलेना.

“बरोबर कोण होते रे?” मी विचारले.

“शेजारचे काका. भातलावणी टाकून आले. रात्रभर आईजवळ बसले होते.”

तेव्हा मी त्याला मराठीतला तिसरा शब्द सांगितला : वेळेला. काका गाडीसारखे वेळेवर आले नाहीत, अर्जासारखे वेळेत पोचले नाहीत. ते वेळेला आले. इंग्रजीला तिथे ‘इन टाइम ऑफ नीड’ अशी जुळवाजुळव करावी लागते; आपले एका ‘ला’ने भागते.

घड्याळ पाळणारी माणसे पुष्कळ भेटतात. यंदा त्या मुलाच्या घरी कढई चढणार नाही. फराळाचे ताट शेजारून येईल, आणि ते कोण आणील हे त्याला ठाऊक आहे.