पूर्वपक्ष

आपल्या दर्शनग्रंथांत एक फार चांगली शिस्त आहे. स्वमत सांगण्यापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें 'पूर्वपक्ष' म्हणून मांडावयाचें, आणि तें असें कीं, 'होय, माझें म्हणणें हेंच' असें त्यानेंहि कबूल करावें. चौदाव्या शतकांतील माधवाचार्य स्वतः वेदांती; तरी 'सर्वदर्शनसंग्रहा'चा आरंभ त्यांनीं चार्वाकमतानें केला, आणि तें मत त्याच्या सर्व जोरासह मांडलें. ही शिस्त मीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली. माझ्या अंगीं मात्र ती बाणली नव्हती, हें निवृत्तीनंतर एका परकी ग्रंथकारानें मला दाखवून दिलें.

तो ग्रंथकार म्हणजे अल्‌बीरूनी. हा ज्योतिर्विद ९७३ सालीं ख्वारिज्म देशीं जन्मला. १०१७ सालीं गझनीच्या महमुदानें तो देश जिंकला आणि त्याला गझनीस नेलें. पुढें चाळिशी उलटल्यावर तो संस्कृत शिकला, पतंजलीचा योगविषयक ग्रंथ त्यानें अरबींत उतरविला, आणि १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीं मोठा ग्रंथ लिहिला. आपला ग्रंथ वादासाठीं नाहीं. हिंदूंचें म्हणणें स्वधर्माविरुद्ध असलें तरी जसेंच्या तसें देणार, असें तो प्रस्तावनेंतच सांगतो. महमुदाच्या स्वाऱ्यांनीं या देशाची धूळधाण झाली आणि त्यामुळें हिंदूंच्या मनांत परक्यांविषयीं तिटकारा बसला, हेंहि तो लपवीत नाहीं. आपल्या पंडितांच्या अहंकारावरहि त्यानें कठोर टीका केली आहे. ती वाचून मला राग आला. पण ती खोटी म्हणवेना.

त्याचें मूर्तिपूजेवरील प्रकरण तर पुन्हां पुन्हां वाचावें असें आहे. सामान्य माणसाचें मन दृश्य वस्तूकडे ओढ घेतें, मूर्ति आहे ती त्याच्यासाठीं. ज्ञाते एका ईश्वरालाच भजतात, असें तो लिहितो. आपल्या लोकांतहि एखाद्या अडाण्याला मक्केचें चित्र दाखविलें, तर तो आनंदानें त्याचें चुंबन घेईल, असेंहि तो स्वजनांना ऐकवितो. मूर्तीविषयीं माझे तीर्थरूप याहून निराळें काय सांगत असत?

येथें मीं पुस्तक मिटलें. वीस वर्षांपूर्वींचा एक वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. बोलण्याच्या ओघांत मी म्हणून गेलों होतों, "मूर्तिपूजेला नांवें ठेवणारेहि मक्केस जाऊन दगडच पूजतात." एक मुसलमान विद्यार्थी उठून म्हणाला, "गुरुजी, आम्ही त्या दगडाची पूजा करीत नाहीं." मीं विचारलें, "मग चुंबन कशाचें घेतां?" वर्ग खदखदून हंसला. मुलगा खालीं बसला. त्यानंतर वर्षभर त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं.

गेल्या वर्षीं तो बाजारांत भेटला. आतां तो स्वतः शिक्षक आहे. मीं त्याला घरीं आणलें, चहा झाल्यावर तो प्रसंग काढला आणि क्षमा मागितली. तो संकोचला. "गुरुजी, आपले शब्द मी केव्हांच विसरलों; वर्गाचें हंसणें तेवढें आठवतें," इतकेंच बोलला.

मीं म्हटलें, "आतां तूं सांग, मी ऐकतों."

त्यानें सांगितलें: पूजा एका अल्लाची. तो दगड पैगंबरांनीं चुंबिला, म्हणून यात्रेकरू त्यांचें अनुकरण करितात. गर्दींतून जवळ जातां आलें नाहीं, तर दुरून हात केला तरी चालतें. त्या दगडापाशीं कोणी कांहीं मागत नाहीं. मीं तें माझ्या शब्दांत परत सांगितलें. त्यानें एके ठिकाणीं दुरुस्ती केली. मीं पुन्हां सांगितलें. तेव्हां तो म्हणाला, "होय, असेंच."

आमचे मतभेद मिटले नाहींत. माझ्या देवघरांतील मूर्तींची पूजा आजहि मीच करितों, आणि त्याच्या घरीं मूर्ति येणार नाहीं. अल्‌बीरूनीहि अखेरपर्यंत मुसलमानच राहिला. सर्व धर्म एकच आहेत असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. त्यांत दुसऱ्याचें ऐकून घ्यावें लागत नाहीं. उत्तरपक्ष खुशाल करावा, पण तो अधिकार पूर्वपक्ष नीट सांगतां आल्यावरच मिळतो.

परवां पंक्तींत माझ्या नातवानें परधर्मीयांची कांहीं थट्टा केली. मीं त्याला विचारलें, "हें त्यांच्यापैकीं एखाद्यासमोर सांगितलेंस, तर तो होय म्हणेल का?"

घास हातांत तसाच धरून तो विचार करीत राहिला. मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं.