बोलून टाईप करताना…

मैत्रिणींनो, संगणकावर मराठी टाईप करताना बोटं दुखतात ना? शाळेच्या प्रश्नपत्रिका मी हल्ली बोलूनच लिहिते. गूगलने मराठीसाठी ही सोय फोनवर २०१७ साली आणली. संगणकावर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून ‘टूल्स’मधलं ‘व्हॉइस टायपिंग’ घ्या, भाषा मराठी निवडा. पैसे पडत नाहीत, इंटरनेट मात्र हवं. विकतचं दुसरं साधन घेण्याआधी पंखा बंद करून दोन्हींपुढे तीच पाच वाक्यं बोला. कुठे दुरुस्ती कमी लागते ते पाहा.

आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. सासूबाई सांगतील ती पाककृती उतरवताना यंत्राने त्यांचा शब्द बदलला, तर तो हाताने पुन्हा लिहा, बरं का! यंत्रासाठी आपली बोली कशाला सोडायची?