ताईची ठेव

माझ्या उजव्या ओटीपोटात गेली अकरा वर्षे माझ्या थोरल्या बहिणीचे मूत्रपिंड नांदते आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री जपमाळ आटोपून ताई म्हणाली होती, "माझी ठेव तुझ्याकडे देते आहे. जप हो!" शरीराने ही ठेव परकी मानून नाकारू नये म्हणून मी टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घेतो. त्यात एकदाही कसूर केली नाही.

चूक घडली ती निराळ्याच ठिकाणी. आमच्या भिवंडीत यंत्रमागांवर बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांना अंगदुखीची गोळी चहाइतकीच सवयीची. गेल्या पावसाळ्यात गुडघा असा धरला, की मिस्साबलीच्या वेळी गुडघे टेकवेनात. मीही दुकानातून, चिठ्ठीवाचून, डायक्लोफेनॅक आणले आणि आठ दिवस घेतले. दुकानदाराने विचारले नाही. मीही सांगितले नाही. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन १.२ वरून २.१ वर गेलेले!

डॉक्टरांनी समजावले ते असे. मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या टॅक्रोलिमसने मुळातच आकसतात, सायक्लोस्पोरिनचेही तेच. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये त्या वाहिन्या सैल राखतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके नेमकी तीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. मग रक्ताचा ओघच आटतो. त्यात ताप वा जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले, तर धोका अधिकच. पॅरासिटामॉल त्यामानाने निर्धोक, तेही डॉक्टरांना विचारून. पण काही गोळ्यांत त्याच्या जोडीला आयब्युप्रोफेन असते, तेव्हा वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचावेच लागते.

घरी परतताना मला गिधाडे आठवली. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृत मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ साली उघड झाले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. ही बातमी मी तेव्हा वाचली होती, हळहळलोही होतो. आपल्या खिशातल्या गोळीशी तिचा संबंध मात्र जोडला नाही.

गोळ्या थांबवल्यावर आकडा उतरला, पण १.४ वर थांबला. १.२ पुन्हा दिसला नाही. ताईला हे सांगायला मला दोन आठवडे लागले. कुमसाराला जाणेही इतके जड गेले नव्हते. ती फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि आता गुडघा कसा आहे?"